अवभृथ: यज्ञातून माणसांत परत आणणारं स्नान

द्यूताचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. दुःशासन द्रौपदीचे केस धरतो आणि तिला फरफटत भर सभेत आणतो. कीर्तनात हा भाग आला की देवळात बसलेल्या कितीतरी बायकांचा पदर डोळ्यांना लागतो. पण सभापर्वात त्या केसांबद्दल एक तपशील आहे, तो कीर्तनात सहसा येत नाही. हे केस कोणते? ‘ये राजसूयावभृथे जलेन महाक्रतौ मन्त्रपूतेन सिक्ताः’. राजसूय यज्ञाच्या अवभृथात, मंत्रांनी पवित्र केलेल्या पाण्याने भिजलेले.

अवभृथ या शब्दाचा अर्थ नीट कळेपर्यंत मी ही ओळ विशेषण म्हणून वाचून पुढे जात होतो. कळला तेव्हा सगळा प्रसंगच बदलला. पतीच्या शेजारी बसून तिने यज्ञ पार पाडला होता. तो संपल्यावर ज्या पाण्याने तिला नव्याने जन्मल्यासारखं केलं, ते पाणी ज्या केसांवरून ओघळलं, त्याच केसांना हात घातला गेला. त्या काळच्या श्रोत्याला हे कुणी उलगडून सांगावं लागत नसणार. ‘अवभृथ’ एवढं ऐकूनच त्याच्या अंगावर काटा आला असेल.

आज हा शब्द आपल्याला भेटतो तो उत्सवाच्या छापील पत्रिकेत, शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमात. ‘सकाळी पूर्णाहुती, अवभृथस्नान, महाप्रसाद.’ कुठे ‘अवभृत’ असंही छापलेलं असतं, पण मूळ शब्दाच्या शेवटी थ आहे. कुणाला विचारलं तर उत्तर मिळतं, यज्ञ संपल्यावर करायची आंघोळ. उत्तर चूक नाही. पण आंघोळ म्हटलं की मळ धुणं आलं, आणि इथे मुख्य काम वेगळंच आहे.

आधी शब्द फोडून पाहू. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘भृ’ म्हणजे वाहून नेणं. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या वैदिक ग्रंथात अवभृथाचं वेगळं प्रकरणच आहे आणि तिथे व्युत्पत्ती सरळ दिली आहे: हे सगळं खाली पाण्याकडे नेतात, म्हणून अवभृथ. म्हणजे आधी काहीतरी पाण्यात पोचवायचं असतं, अंगावर पाणी घेणं त्यानंतर येतं. काय पोचवायचं आणि का, हे समजायला यज्ञाच्या पहिल्या दिवसाकडे जावं लागतं.

दीक्षा: पुन्हा गर्भात

सोमयाग म्हणजे सोम या वनस्पतीचा रस अर्पण करायचे यज्ञ, आणि त्यांचा मूळ नमुना म्हणजे अग्निष्टोम. तो पाच दिवसांचा. सोळा ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, एक यजमान आणि त्याची पत्नी. पहिल्या दिवशी यजमानाला दीक्षा देतात. त्याचे केस काढतात, त्याला आंघोळ घालतात, कमरेला मेखला बांधतात, बसायला काळवीटाचं कातडं म्हणजे कृष्णाजिन आणि हातात काळवीटाचं शिंग देतात. मग त्याला मुठी मिटून घ्यायला सांगतात.

या घडीपासून तो आपल्यातला राहत नाही. आहार दुधाचा. अंगाला खाज सुटली तरी नखाने खाजवायचं नाही, ते शिंग वापरायचं. हसू आलं तर तोंडावर हात धरून हसायचं. सूर्य उगवताना आणि मावळताना तो मांडवाबाहेर असता कामा नये. बोलणंही मोजकं, आणि कुणाला हाक मारली तर नावापुढे ‘चनसित’ किंवा ‘विचक्षण’ असा ठरलेला शब्द जोडून. त्याच्या घरचं अन्न इतरांनी खायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही.

एवढे निर्बंध कशासाठी, याचं उत्तर ऐतरेय ब्राह्मणात एका वाक्यात आहे: ‘पुनर्वा एतमृत्विजो गर्भं कुर्वन्ति यं दीक्षयन्ति’. ज्याला दीक्षा देतात त्याला ऋत्विज पुन्हा गर्भ करतात. एकदा हे ध्यानात आलं की सगळ्या खुणा आपोआप जुळतात. मिटलेल्या मुठी गर्भातल्या बाळाच्या आहेत. मांडव म्हणजे गर्भाशय. दूध हा गर्भाचा आहार. गर्भातलं बाळ चारचौघांसारखं बोलत नाही, हसत नाही, उन्हात फिरत नाही, तसंच हा.

गर्भात गेलेल्याला कधीतरी बाहेर यावंच लागतं. त्याच बाहेर येण्याचं नाव अवभृथ. ऐतरेय ब्राह्मण इथे फार बारकाईने बोलतं. यजमान कृष्णाजिन उतरवून ठेवतो आणि अवभृथाला जातो, म्हणून मूल बाहेरच्या वेष्टनातून सुटून जन्मतं. आणि अंगावरच्या वस्त्रासकट तो पाण्यात उतरतो, म्हणून मूल आतल्या पातळ पडद्यासकट जन्मतं. जरायु आणि उल्ब, असे दोन वेगळे शब्द त्यासाठी वापरले आहेत. ज्यांनी हे रचलं त्यांनी बाळंतपण जवळून पाहिलेलं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

डोहापाशी

पाचव्या दिवशी सोम कुटायचा. सकाळी, दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी अशी तीन सवनं होतात. वनस्पतीच्या काड्या दगडांनी ठेचून रस काढायचा, गाळायचा, अग्नीला द्यायचा आणि उरलेला प्यायचा. तिसरं सवन आटपलं की मांडवात काय उरतं? पिळून कोरडा झालेला चोथा, त्याला ऋजीष म्हणतात. सोमरसाने माखलेली लाकडी पात्रं. शिवाय मेखला, शिंग, कृष्णाजिन. ही सगळी सामग्री गोळा करून मंडळी पाण्याकडे निघतात. यजमान, पत्नी, ऋत्विज, सगळे. वाटेत प्रस्तोता नावाचा ऋत्विज साम, म्हणजे सामवेदातलं गाणं, गातो आणि त्याचा शेवटचा तुकडा, ज्याला निधन म्हणतात, तो सगळे मिळून उचलून धरतात. यजमानपत्नीसुद्धा.

ओठांवर मंत्र असतो ‘उरुं हि राजा वरुणश्चकार’. राजा वरुणाने सूर्यासाठी रुंद वाट करून दिली आहे. चार-पाच दिवस एका मांडवात बसून राहिलेल्या माणसाने बाहेर पडताना म्हणावी अशी ही ऋचा आहे.

कुठल्या पाण्याकडे जायचं, याचंही उत्तर शतपथात आहे आणि ते मराठी माणसाला लगेच पटेल. वाहत्या नदीत जिथे पाणी थबकतं, तिथे जावं. म्हणजे आपल्या भाषेत डोह. कारण वाहत्या पाण्यातला जो भाग वाहत नाही तो वरुणाने धरून ठेवलेला असतो. डोहाबद्दल आपल्या गावोगाव जी भीती आणि जो आदर आहे, लहान मुलांना ‘डोहाकडे जाऊ नको’ म्हणून जे बजावतात, तोच भाव या वाक्यात आहे. वरुण म्हणजे पाश बाळगणारा देव. माणसाने कुठे काय चुकवलं हे पाहणारा आणि चुकलेल्याला बांधणारा. त्याच्याच दारात जाऊन सुटका मागायची.

पाण्यात पाय ठेवताना म्हणायचं, ‘नमो वरुणायाभिष्ठितो वरुणस्य पाशः’. वरुणाला नमस्कार, वरुणाचा पाश पायाखाली आला. मग आहुती. इथे एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी प्रत्येक आहुती अग्नीत जाते, इथे ती पाण्यात. पाण्यावर दर्भ टाकायचा आणि त्यावर आहुती द्यायची. वरुणासाठी एकाच खापरीवर भाजलेला पुरोडाश, म्हणजे पिठाची जाड रोटी, असतो, त्याचाही होम इथे पाण्यातच.

त्यानंतर तो चोथ्याचा घडा. हा क्षण मला सगळ्या विधीचा गाभा वाटतो. अध्वर्यू, म्हणजे प्रत्यक्ष कर्म करणारा ऋत्विज, ऋजीषाचा घडा पाण्यावर ठेवतो आणि म्हणतो, ‘समुद्रे ते हृदयमप्स्वन्तः’, तुझं हृदय समुद्रात, पाण्याच्या आत आहे, ओषधी आणि पाणी तुझ्यात शिरोत. आणि तो सोडून देताना म्हणतो, ‘देवीराप एष वो गर्भः’. हे देवी जलांनो, हा तुमचा गर्भ आहे, त्याला प्रेमाने नीट सांभाळा.

सोमाला दगडाने ठेचणं म्हणजे त्याला मारणंच आहे, हे ब्राह्मणग्रंथ लपवत नाहीत. ‘ज्याला राजा म्हणून आणलं त्याला कुटताना आपण मारतो’ असं ते स्वच्छ म्हणतात. ज्याचा जीव घेऊन यज्ञ साधला त्याचं उरलेलं शरीर उकिरड्यावर टाकायचं नाही, जाळायचंही नाही. त्याला पाण्याच्या पोटात गर्भ म्हणून ठेवायचं. म्हणजे एकाच काठावर, एकाच वेळी एक गर्भ आत जातो आणि दुसरा बाहेर येतो. सोम पाण्यात शिरतो, यजमान पाण्यातून निघतो.

मेखला आणि शिंगही टाकून द्यायचं, ‘माहिर्भूर्मा पृदाकुः’ म्हणत. साप होऊ नकोस, नाग होऊ नकोस. वेटोळं होऊन पडलेली दोरी पाहिली की हा मंत्र का सुचला असेल ते कळतं. मग नवरा-बायको पाण्यात उतरतात, एकमेकांची पाठ चोळतात, बाहेर येऊन कोरी वस्त्रं नेसतात.

काही वर्षांपूर्वी एका नदीकाठी झालेल्या सोमयागात मी हे जवळून पाहिलं. यजमान सत्तरीचे. दोन दिवस मी त्यांना मांडवात मान खाली घालून बसलेलं पाहत होतो. कुणाकडे पाहणं नाही, बोलणं नाही, चेहरा लाकडासारखा. बाईंचंही तसंच. नदीत गुडघाभर पाण्यात दोघं उभी राहिली आणि बाईंनी ओंजळीने पाणी घेऊन त्यांच्या पाठीवर घातलं. पाणी गार असावं, कारण ते एकदम शहारले आणि मोठ्याने हसले. तोंडावर हात न ठेवता. काठावर उभ्या असलेल्या एका तरुण ऋत्विजाने माझ्याकडे पाहून हळूच म्हटलं, ‘सुटले.’ ग्रंथातली गर्भाची आणि जन्माची उपमा मला त्या हसण्यात पूर्ण समजली.

बाहेर आल्यावर आणखी एक नियम असतो. मागे वळून पाहायचं नाही. तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की न पाहता परत यायचं, म्हणजे वरुण मागेच राहतो. मांडवात येऊन ‘एधोऽस्येधिषीमहि’ म्हणत अग्नीवर समिधा ठेवायची: तू इंधन आहेस, आमची वाढ होवो. यज्ञ इथेही पुरता संपत नाही. उदयनीया, उदवसानीया असे आटोपते विधी पुढे असतात. पण माणूस म्हणून यजमान सुटतो तो पाण्यातच.

पाप कुठलं धुतलं जातं?

पाण्यात म्हणायचा मुख्य मंत्र असा: ‘अवभृथ निचुम्पुण निचेरुरसि निचुम्पुणः, अव देवैर्देवकृतमेनोऽयासिषमव मर्त्यैर्मर्त्यकृतम्’. देवांच्या बाबतीत झालेला अपराध मी देवांसह धुतला, माणसांच्या बाबतीत झालेला माणसांसह. यात यज्ञ करतानाच झालेली चूकही आली. मंत्र चुकला, क्रम चुकला, सोमाला दुखावलं. एवढं मोठं काम कुणाला न दुखावता होत नाही, हे इथे मान्य केलेलं आहे. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो.

शतपथाचा शेरा असा की साप कात टाकतो तसा हा सगळं पाप टाकतो. दात न आलेल्या बाळात जेवढं पाप असेल तेवढंही याच्यात उरत नाही.

अश्वमेधाच्या अवभृथाची तर कीर्तीच वेगळी. यजमान बाहेर आल्यावर त्याच पाण्यात इतर पापी माणसांनी उतरावं आणि शुद्ध व्हावं, अशी सोय होती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्तांत हा एक मार्ग दिला आहे. पण त्यात एक अट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. राजा आणि ब्राह्मण जमलेले असताना आधी आपलं पाप सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं, मग डुबकी. गुपचूप पाण्यात उतरून काही साधत नाही.

याच अश्वमेधात एक भाग असा आहे की तो वाचताना मला त्रास होतो, आणि म्हणूनच तो गाळायचा नाही. जुंबक नावाचा विधी. अंगावर पांढरे डाग असलेला, टकला, पिंगट डोळ्यांचा माणूस शोधून त्याला पाण्यात उभं करायचं आणि त्याच्या डोक्यावर ‘जुंबकाय स्वाहा’ म्हणून आहुती द्यायची. जुंबक म्हणजे वरुण असा अर्थ सांगितला आहे. राजाच्या पापाचा भार वाहायला दिसायला ‘वेगळा’ असलेला गरीब माणूस पुढे करायचा, ही रीत जगात फार ठिकाणी होती. आपल्याकडेही होती. सोमाच्या चोथ्यालाही ‘नीट सांभाळा’ म्हणणाऱ्या परंपरेने त्या माणसाची मात्र कुठे चौकशी केलेली दिसत नाही.

ताम्रपटांतली ओली शरीरं

राजांना या स्नानाचा केवढा अभिमान होता ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट मिळाला. मधुनदीच्या काठचं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचा तो लेख. त्यात वंशावळ सांगताना प्रवरसेनाचा पूर्वज पहिला रुद्रसेन याच्या आजोळचा उल्लेख येतो. ते आजोळ म्हणजे भारशिव घराणं, आणि त्याची ओळख अशी करून दिली आहे: ‘दशाश्वमेधावभृथस्नातानां भारशिवानाम्’. दहा अश्वमेधांची अवभृथस्नानं केलेले भारशिव.

इथे दहा अश्वमेध केले एवढंच म्हणून भागलं असतं. पण लेखकाने दहा वेळा अवभृथाचं पाणी अंगावर घेतलं असं म्हटलं. घोडा सोडणं कुणालाही जमेल, पण तो वर्षभर फिरवून सुखरूप परत आणून यज्ञ पुरा झाला याचा पुरावा म्हणजे हे स्नान. भारशिवांच्या या यज्ञांवरूनच काशीच्या दशाश्वमेध घाटाला नाव पडलं, असं काही इतिहासकारांनी मांडलं आहे.

बदामीच्या चालुक्यांनी, ज्यांचं राज्य महाराष्ट्रावरही होतं, हीच गोष्ट घराण्याच्या बिरुदात कायमची घातली. त्यांच्या ताम्रपटांत पिढ्यानपिढ्या तेच वाक्य येतं: अश्वमेधाच्या अवभृथस्नानाने ज्यांची शरीरं पवित्र झाली आहेत ते चालुक्य. अश्वमेध केला तो पहिल्या पुलकेशीने. बदामीच्या कड्यावर शके ४६५ चा, म्हणजे इसवी सन ५४३ चा त्याचा लेख आहे. पण त्या पाण्याचा ओलावा पुढच्या सगळ्या वंशजांच्या अंगावर राहिला.

कालिदासाने रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवरात पांड्य राजाची ओळख करून देताना असंच केलं आहे. अश्वमेधाच्या अवभृथाने अंग ओलं असलेल्या या राजाला ‘स्नान नीट झालं ना?’ असं साक्षात अगस्त्य ऋषी विचारतात. असं विचारणाऱ्याला संस्कृतात एक शब्दच आहे, सौस्नातिक. दिवाळीच्या पहाटे अभ्यंग करून बाहेर आलं की आजी विचारायची, ‘झाली का रे आंघोळ छान?’ तेव्हा मला हा शब्द माहीत नव्हता.

देव स्वतः पाण्याला जातो

पुढे असे मोठे वैदिक, म्हणजे श्रौत, यज्ञ कमी झाले, देवळं वाढली, आणि देवळांच्या मोठ्या उत्सवांनी यज्ञाचा सांगाडा उचलला. दक्षिणेच्या आगमांनुसार, म्हणजे देवळांच्या पूजाविधींच्या ग्रंथांनुसार, चालणारा उत्सव पाहिला तर ओळख पटते. आधी अंकुरार्पण, म्हणजे मातीच्या पात्रांत धान्य पेरून रुजवणं. आपल्या घटस्थापनेला घटाभोवती धान पेरतो त्याचंच हे भावंड. मग ध्वजारोहण. देवाच्या आणि अर्चकाच्या मनगटाला रक्षासूत्र, म्हणजे दीक्षाच. यागशाळेत रोज होम. आणि शेवटी अवभृथ. तमिळनाडूत त्याला तीर्थवारी म्हणतात, केरळात आराट्टु.

तिरुमलाचा ब्रह्मोत्सव नऊ दिवसांचा. नवव्या दिवशी, देवाचं जन्मनक्षत्र मानलेल्या श्रवणावर, चक्रस्नान होतं. उत्सवमूर्ती स्वामी पुष्करिणीच्या काठी वराहस्वामींच्या देवळापाशी येतात, त्यांना अभिषेक होतो. पाण्यात डुबकी मात्र सुदर्शन चक्राला. अर्चक चक्र घेऊन पुष्करिणीत उतरतात आणि ते पाण्याखाली गेलं की त्याच क्षणी चारही बाजूंच्या पायऱ्यांवर उभे असलेले हजारो लोक डुबकी मारतात. शिवमंदिरांत हेच काम अस्त्रदेव, म्हणजे त्रिशूळ करतो. यजमानाची जागा देवाने घेतली आहे, पण पाण्याचा वाटा सगळ्यांना, हे अश्वमेधासारखंच. संध्याकाळी ध्वज उतरतो, बोलावलेले देव परत जातात.

तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींचं आराट्टु वर्षातून दोनदा, पैंकुनी आणि अल्पशी या उत्सवांच्या शेवटी होतं. आदल्या रात्री पळ्ळिवेट्टा, म्हणजे देवाची शिकार. त्रावणकोर घराण्याचे प्रमुख शहाळ्यावर बाण सोडतात. दुसऱ्या दिवशी पद्मनाभ, नरसिंह आणि कृष्ण यांच्या मूर्ती शंखुमुखम समुद्रकिनाऱ्याकडे निघतात, घराण्याचे प्रमुख हातात तलवार घेऊन पायी सोबत असतात. या वाटेत आता विमानतळाची धावपट्टी येते. विमानतळ १९३२ सालचा, वाट त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून वर्षातून दोन दिवस काही तास विमानं थांबतात, वैमानिकांना तशी आगाऊ सूचना निघते, आणि देव धावपट्टी ओलांडून समुद्रावर आंघोळीला जाऊन त्याच वाटेने परत येतात. देवाची वाट आहे म्हटल्यावर एवढ्या मोठ्या यंत्रणेने थांबायचं कबूल केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मंगळुरूच्या वेंकटरमण देवळात, जिथली कोकणी मंडळी मूळची गोव्याकडची, माघ शुद्ध सप्तमीला रथ ओढतात. कोडियाल तेरू म्हणतात त्याला. रथ झाला की ओकुळी, म्हणजे एकमेकांवर रंगीत पाणी उडवणं, आणि मग अवभृथ. ही मस्ती नंतर कुणी घुसडलेली नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात युधिष्ठिराच्या राजसूयाचं अवभृथ आहे, त्यातही लोक तेल, दही-दूध, हळद, दाट कुंकू एकमेकांना फासत नदीकडे जातात. गर्भातून सुटल्याचा आनंद असाच असायचा.

हळद म्हटल्यावर जेजुरी आठवल्याशिवाय राहत नाही. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर जाते, उत्सवमूर्तींना नदीत स्नान घालतात, भंडारा उधळून वाट पिवळी होते. हे उत्सव संपवणारं स्नान नव्हे, म्हणून त्याला अवभृथ म्हणता येणार नाही. पण देवाला उचलून वाहत्या पाण्याकडे न्यायचं आणि परत आणायचं, ही चाल तीच. गणेश विसर्जनाची चाल मात्र वेगळी. विसर्जनात देव पाण्यातून त्याच्या गावाला जातो आणि आपण रिकामा पाट घेऊन येतो. अवभृथात जो पाण्याला गेला तोच घरी परततो.

सरकारी अर्जावरचा ‘स्नातक’

या स्नानाची एक खूण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. शिक्षणाच्या रकान्यात आपण ‘स्नातक’, ‘स्नातकोत्तर’ वाचतो. स्नातक म्हणजे न्हालेला. गुरुकुलात ब्रह्मचारी हाही व्रतस्थच असायचा. कमरेला मेखला, हातात दंड, भिक्षेचं अन्न, ठरलेले निर्बंध. बारा-बारा वर्षं असं राहिलेल्या मुलाला एकदम घरी पाठवत नसत. समावर्तन, म्हणजे शिक्षण संपल्याचा विधी, करत. पारस्कर गृह्यसूत्रात त्यासाठी पाण्याचे आठ घडे सांगितले आहेत. मेखला सोडताना मंत्र म्हणायचा तो ‘उदुत्तमं वरुण पाशमस्मत्’: वरुणा, वरचा पाश सैल कर. पुन्हा वरुण, पुन्हा पाश, पुन्हा पाणी. आता मुंजीच्या दिवशीच सोडमुंज उरकून टाकतात, त्यामुळे बांधणं आणि सोडणं यांच्यामधली वर्षं गळून पडली आहेत. सकाळी बांधलेली मेखला दुपारी सुटली, तर तिचं ओझं उतरल्याचं त्या मुलाला काय कळणार?

लग्नातही हे आहे. हळद लागली, मनगटाला काकण बांधलं की नवरा-नवरी व्रतस्थ होतात, त्यांना एकटं सोडत नाहीत. लग्नानंतर काकणं सोडायची, हळद उतरवायची, दोघांना एकत्र न्हाऊ घालायचं. जुन्या घरांत त्या वेळी एकमेकांवर चुळा टाकायला लावायच्या आणि सगळं घर हसायचं. नदीत एकमेकांची पाठ चोळणारे यजमान आणि पत्नी यांच्यापासून हे चित्र मला फार दूरचं वाटत नाही.

विठोबाचा शिणवटा

आणि पंढरपूर. आषाढी आणि कार्तिकीला देवाचा पलंग काढतात. रात्री झोपायचं नाही, दारात आलेल्या प्रत्येकाला दर्शन द्यायचं, चोवीस तास. उभं राहून देव दमेल म्हणून पाठीशी मऊ लोड ठेवतात, रुक्मिणीला तक्क्या. रोजचे राजोपचारही आवरते घेतात. ही देवाची दीक्षाच आहे असं मी म्हणतो. व्रत वारकऱ्यांनी घेतलं, त्यांच्यासाठी देवानेही घेतलं.

गोपाळपूरचा काला होतो, पालख्या परतीला लागतात, चंद्रभागेचं वाळवंट रिकामं होतं. मग एक दिवस ठरवून प्रक्षाळपूजा. गरम पाणी तयार ठेवतात. लाखो कपाळं ज्या पायांवर टेकली त्या पायांना लिंबू आणि साखर चोळतात, अगदी हळू, दिवसभर चालून आलेल्या वडिलांचे पाय चोळावेत तसे. गरम पाण्याने स्नान घालतात, नवा पोशाख चढवतात, दागिने घालतात. शास्त्राच्या पुस्तकात याला कुणी अवभृथ म्हटलेलं नाही. इथे वरुण नाही, पाश नाही, साम नाही, पाण्याकडे जाणंही नाही. पाणीच तापवून देवाकडे आणलं जातं.

रात्री शेजारतीला देवाला काढा देतात, शिणवटा जावा म्हणून. पलंग पुन्हा जागेवर आलेला असतो. दिवे मंद होतात, दार लागतं, आणि त्या रात्री देव झोपतो. पहाटे नेहमीच्या वेळी काकडा.